तीन पायांचा पाव्हणा

प्रिय वन्सं,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा कशाला लिहीन? खुटबावला गाडीत बसलं की थेट दौंडला, तुमच्या स्टुडिओच्या दारात. आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तर तुम्हीच गावभर सांगितलेलं!

आता मात्र अशी एक गोष्ट घडलीय की ती ऐकून सगळ्यात जास्त तुम्ही हसला असतात, तोंडाला पदर लावून. घरात सगळ्यांना सांगून झाली, तरी पोट काही हलकं होईना. जिची गोष्ट तिलाच सांगितली नाही तर कसं चालेल? माझ्यापुढं पाटावर नवे टाक आहेत, चांदीच्या पत्र्यावर देव ठोकलेले. आबांचा धाकटा संदीप उद्या सकाळी ते सणसवाडीला त्याच्या नव्या घरी नेणार. ते जायच्या आधी तुम्हाला कळवायचं ठरवलं.

पण आधी भांडण उरकून घेते.

वन्सं, सगळ्या तालुक्याचे फोटो काढलेत आणि स्वतःचा एक नाही? तुम्ही गेलात तेव्हा हार घालायला फोटो हवा म्हणून आम्ही तुमचा सगळा स्टुडिओ उपसला. नवऱ्या सापडल्या, बारशाची पोरं सापडली, तेल लावून भांग पाडलेले परीक्षेचे विद्यार्थी सापडले. तुम्ही नाही. शेवटी कुणाच्या तरी हळदीच्या फोटोत कडेला एक कोपर आणि कॅमेऱ्याचा पट्टा दिसला, तेवढ्याच तुम्ही. मी चिडून तुमचा कॅमेराच पाटावर ठेवला आणि त्याला हार घातला. भटजी माझ्याकडं बघतच राहिले.

दुसरं भांडण तुमच्याशी नाही, पण तुमच्यापायी झालेलं आहे. तुमच्या वर्षश्राद्धाला मी आबांना, तुमच्या थोरल्या भावाला, म्हटलं, आता वन्संचा टाक करूया. गेलेल्या माणसाचा टाक करून देव्हाऱ्यात बसवतात, मग यांचा का नको? सगळे माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी देव्हाऱ्यात चप्पल घालून शिरले. आबा खाली मान घालून म्हणाले, "लेकीचा टाक माहेरात बसत न्हाई, हिराबाई. तशी रीतच न्हाई."

मग कुठं बसणार? सासरी? शिरूरकडच्या त्या घरानं तुम्ही जित्या असताना दुसरी आणून बसवली, ते आता तुम्हाला देव्हाऱ्यात बसवणार? मी हे सगळं तिथंच बोलले. ह्यांनी माझा हात दाबला तरी बोलले. आबांना राग नाही आला, तेच वाईट. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते उठून गोठ्याकडं गेले. त्यांनाही तुम्ही हव्या होतात, पण रीत मोडायची ताकद त्यांच्यात नव्हती. मी त्या दिवसापासून देवापुढं हात जोडताना मनात एकच म्हणायचे, आमच्या वन्संना कुठंतरी जागा दे बाबा.

तुम्ही म्हणाल, मेल्यावर कसली जागा! तुम्हाला कधी कुणाची पडलीच नव्हती. सासरहून निघालात ते शिरूरच्या त्या स्टुडिओत फोटो धुवायला लागलात, तिथंच कॅमेरा शिकलात, आणि माहेरी परतलात ते रडत नाही, तर काखोटीला स्टँड मारून. जाऊबाई सांगायच्या, एसटीतनं उतरलात तेव्हा लोकांना वाटलं बाई बंदूक घेऊन आली.

मी या घरात आले तेव्हा तुमचा दौंडचा स्टुडिओ चांगला चालला होता. बायकांना बाईपुढं बसायला संकोच वाटायचा नाही. पण तुमचा खरा जीव होता बारक्या वस्तूंत. सराफ नथी आणि जोडवी घेऊन यायचे, खतांचे दुकानदार कीड पडलेलं टोमॅटोचं पान आणायचे, एकदा माझ्या भांडगावच्या भावानं शेवंतीचं फूल आणलं होतं, आठवतं? एका फुलासाठी तुम्ही आम्हाला अर्धा दिवस पंखा लावू दिला नाहीत. घामाच्या धारा लागल्या आणि तुम्ही म्हणता, पाकळी हलतीय!

मला तर आधी वेड्यांचा बाजार वाटायचा. कॅमेरा हातात धरायचा आणि बटण दाबायचं, त्यात काय एवढं? तुम्ही सरळ माझ्या हातात कॅमेरा दिलात, पुढं ते क्लोजअपचं भिंग लावलंत आणि म्हणालात, काढ नथीचा फोटो. रोल धुतला तर नथीच्या जागी ढग! तेव्हा तुम्ही सांगितलंत ते अजून कानात आहे, "लांबचं हललं तर खपतं गं. जवळचं हललं की तोंडच वळखू येत न्हाई."

मग एकेक शिकवत गेलात. स्टँडचे जाड पाय आधी खोलायचे, बारीक पाय अगदी गरज लागली तरच. मधला दांडा वर ताणायचा नाही, तो ताणला की मान डुगडुगते. एक पाय वस्तूच्या बाजूला पुढं. खालच्या आकड्याला वजन टांगायचं. आणि बटणाला बोट लावायचंच नाही, तार जोडायची आणि तारेचं टोक दाबायचं. तार दाबायच्या आधी कॅमेऱ्याला स्वस्थ होऊ द्यायचं. तुम्ही तसंच म्हणायचात, "त्याला जरा स्वस्थ होऊ दे," जसं काही ते उन्हातनं आलेलं माणूसच.

आणि तो बाजारचा फोटो! आठवडी बाजार ऐन भरलेला, तुम्ही गच्चीवर स्टँड लावलात, भिंगावर कसलीशी काळी काच बसवलीत आणि कितीतरी वेळ कॅमेऱ्याचा डोळा उघडाच ठेवलात. फोटो बघून मी घाबरले. एवढा बाजार, पण माणूस नाही! नुसती पालं, पाट्या, आणि एका कडेला सुया-बिब्बे विकणारी म्हातारी, तेवढी मात्र स्वच्छ. तुम्ही समजावलंत की डोळा बराच वेळ उघडा असला की चालतंबोलतं माणूस फोटोत टिकत नाही. म्हातारी तेवढी जागची हलली नव्हती, म्हणून तीच उमटली. मी म्हटलं, म्हणजे माझा फोटो कधीच येणार नाही. तुम्ही म्हणालात, तुझा फोटो नाही येणार, पण आवाज येईल.

हे सगळं आत्ता का उगाळतेय ते सांगते. त्याच्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही.

घराची वाटणी झाली तेव्हा मी या घरात नवीनच होते. वाटणी सरळ झाली, शेताचं भांडण नव्हतं, विहिरीचं नव्हतं. भांडण झालं देवांचं. आपल्यात देव थोरल्या घरी राहतात आणि धाकट्यानं जुन्यावरून नवे टाक करून घ्यायचे, हे ह्यांना ठाऊक होतं. पण सोनार म्हणाला की जुने टाक दुकानात आणा, बघितल्याशिवाय कसे ठोकू? आणि आबा म्हणाले, देव जत्रेशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. ह्यांच्या तोंडून निघून गेलं, "मग बसा देव उराशी धरून." झालं! बोलणं बंद. मळ्यात एकाच बांधावरून जायचे, पण दोघं दोन दिशेला बघत.

मी बिनदेवाच्या घरात संसार मांडला. कॅलेंडरवरच्या खंडोबाला उदबत्ती ओवाळायचे आणि महिना पालटला की देव पालटायचा. हसू नका. मला फार लागलं होतं ते. नव्या घराला देव नाहीत म्हणजे ते घर नाही, नुसता निवारा, असं सारखं वाटायचं.

तेव्हा तुम्हीच सोनाराकडं जाऊन विचारलंत, जवळून काढलेला फोटो चालेल का? तो म्हणाला, रेष न् रेष दिसली तर चालेल. मग तुम्ही आबांकडं गेलात. देव जागचे हलणार नाहीत, कॅमेराच देवापाशी येईल, असं म्हणालात. आबांना नाही म्हणायला जागा उरली नाही.

त्या पहिल्या दिवशी आबांनी जे केलं ते दुसऱ्या कुणाच्या घरात झालं नसतं. जाऊबाईंनी टाक चिंचेनं लख्ख घासले होते. तुम्ही स्टँड उघडून देव्हाऱ्यापुढं ठेवणार, तेवढ्यात आबा आतून मामंजींची काळी घोंगडी घेऊन आले, चौघडी केली आणि खाली अंथरली. मामंजींनी स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीची विणून घेतलेली ती घोंगडी. म्हणाले, "देवापुढं येणारा कुणी बी घोंगडीवर बसतो. पाव्हणा तीन पायांचा असला म्हणून भुईवर ठेवायचा व्हय?"

मी तुमच्या तोंडाकडं बघितलं. तुम्हाला कळलं होतं! चौघडी घोंगडी म्हणजे गादीच, तिच्यावर स्टँड कसला ठरतोय? पण आपल्या घरात घोंगडी नको म्हणणं म्हणजे देवच नको म्हणणं. तुम्ही गप्प बसून तार दाबलीत. अंधारं देवघर, डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागला, आणि तेवढ्यात आबा आपले हात जोडून या पायावरून त्या पायावर.

फोटो आला तो उकळत्या पाण्यात देव पडल्यासारखा. आबांनी तो हातात धरला, बराच वेळ बघितला आणि खाली ठेवला. म्हणाले, देवाला जायचं नाही, म्हणून तो हलला. देवानंच नकार दिला, आता पुन्हा विषय काढायचा नाही. मी त्या दिवशी चूल पेटवली नाही. देवाला मी नको, असंच डोक्यात बसलं.

आणि तुम्ही? तुम्ही मला नुसतं म्हणालात, रड आटपली की तांब्या घास.

तो तांब्या घेऊन तुम्ही पुन्हा आबांकडं गेलात. मला वाटलं आता खडाजंगी होणार. पण तुम्ही ना घोंगडीला नाव ठेवलंत ना आबांना. स्टँड तसाच घोंगडीवर उभा केलात, त्याच्या माथ्यावर कॅमेऱ्याच्या जागी फळकूट बसवलंत आणि त्यावर काठोकाठ भरलेला तांब्या. मग आबांना म्हणालात, रोज पूजेला जसे वावरता तसे जरा वावरा. आबा दोन पावलं चालले आणि तांब्यातलं पाणी थरथरलं. समई सरकवली, पाणी थरथरलं. मग तुम्ही घोंगडी अलगद काढून आबांच्या हातात दिलीत आणि तीन पायांखाली तीन दगड मांडलेत, एक जाऊबाईंचा पाटा आणि विहिरीवरचे दोन चपटे. पुन्हा आबांना चालायला लावलंत. पाणी गप्प.

आबा त्या पाण्याकडं बघत राहिले. मग हातातल्या घोंगडीकडं बघून म्हणाले, "आन् हिचं काय? ही कुठं जाणार?"

"हिला पाव्हण्याच्या पोटाशी बांधायची," तुम्ही म्हणालात. "वजन पायजेच हाय मला."

मला त्या क्षणी तुमच्या पाया पडावंसं वाटलं, वन्सं. घोंगडीची गुंडाळी करून तुम्ही ती मधल्या आकड्याला टांगलीत आणि स्टँड असा घट्ट बसला की गोठ्यातला रेडा धडकला असता तरी हलला नसता. आबांचाही मान राहिला. घोंगडी भुईवरून उठून देवाच्या समोर आली, आणखी काय पाहिजे?

पण तुमची लबाडी तिथं संपली नव्हती. चांदी उजेडात चकाकते, म्हणून उजेड गाळून घ्यायला दारात पांढरं धोतर ताणून धरायला पाहिजे, आणि त्याला दोन गडी लागतील, असं तुम्ही म्हणालात. एक टोक आबांच्या हातात. दुसऱ्यासाठी मला पिटाळलंत, धाकट्याला घेऊन ये. हे कुरकुरत आले. दोघं भाऊ धोतराची दोन टोकं धरून समोरासमोर उभे, आणि एकमेकांकडं बघायचं नाही म्हणून दोघांची नजर छपरावर!

स्टुडिओत चकाकणारी वस्तू असली की आपण एक भोक पाडलेलं कापड धरायचो. भोकातून नुसतं भिंग बाहेर आणि तुम्ही मागं लपलेल्या, म्हणजे वस्तूत तुमची सावली पडत नाही. मी ते कापड आणलं होतं. विचारलं, धरू का? तुम्ही म्हणालात, आज नको. मी म्हटलं, असेल काही कारण, आणि घडी घालून ठेवून दिलं.

तार दाबणार तेवढ्यात मालगाडी आली. रूळ आपल्या घरापासून किती लांब, तरी भुईला बारीक कंप येतोच. तुम्ही म्हणालात, थांबा, जाऊ दे. गाडी संपता संपेना. ती गेली तर तुम्ही म्हणालात, अजून एक यायची आहे, हात खाली करू नका. खरंच यायची होती का हो? मला आजही शंका आहे. धोतर धरून दोघांचे हात भरून आले. शेवटी आबाच छपराकडं बघत म्हणाले, "हात दुखत्यात का रं?"

हे म्हणाले, नाही. मग थोड्या वेळानं म्हणाले, तुमचे? आबा म्हणाले, दुखतात. आणि मग दोघंही हसले. आबांनी त्या टांगलेल्या घोंगडीकडं मान केली. म्हणाले, मेंढरांमागं रानात असताना या एकाच घोंगडीत आपण तिघं झोपायचो. हे म्हणाले, मधे शांताताई, आणि दोन्हीकडनं आपण दोघं ओढायचो, ती बिचारी उघडीच. तुम्ही कॅमेऱ्यापाशी वाकलेल्या, मागं न बघता म्हणालात, "आता दोघं बी हलू नका."

आणि तार दाबलीत. काय शांतता होती ती! जाऊबाई हात जोडून, मी तोंडावर हात ठेवून, दोघं भाऊ धोतर धरून, आणि तुम्ही वाकून, हातात तार. सगळं घर एकदम जागच्या जागी थांबलं होतं. मी पण, बघा, मी पण!

फोटो आरशासारखा आला. आबांनी तो कपाळाला लावला आणि ह्यांना घेऊन स्वतः दौंडला सोनाराकडं गेले. तिथं सोनारानं विचारलं म्हणे, घोड्याच्या मागच्या पायांपाशी हे वाकलेलं कोण आहे? जुने टाक आधीच झिजलेले, आबांनाही सांगता येईना. ते म्हणाले, असेल कुणी भगत. फोटोत आहे म्हणजे देवापाशी आहे, जसं दिसतंय तसंच काढायचं, देवाच्या अंगावरचं आपण कमी-जास्त करायचं नाही.

असे माझ्या घरी देव आले. खंडोबाच्या घोड्यामागं तो बारका वाकलेला भगत, हातात तीन काठ्या घेतलेला. मी ह्यांना विचारायचे, एका माणसाला तीन काठ्या कशाला? हे म्हणायचे, म्हातारा असंल. मी रोज देवाबरोबर त्यालाही हळद लावत आले. पोरं झाली, तळी भरली, जत्रा झाल्या, भगत आपला वाकून तिथंच.

आता आत्ताचं सांगते.

संदीप सणसवाडीच्या कंपनीत पर्मनंट झाला. इतकी वर्षं भाड्याच्या खोलीत होता, आता स्वतःचं घर घेतलंय. त्याची बायको म्हणाली, घरात देव पाहिजेत. संदीप म्हणाला, काकू, शांताआत्याचा कॅमेरा तुझ्याकडंच आहे ना? आता लोक रोलचे कॅमेरे माळ्यावर टाकायला लागलेत, पण मी तुमचा रोज पुसते. दौंडात रोल मिळता मिळेना, एका दुकानात तळाशी सापडला.

आबांच्या देव्हाऱ्यापुढं मी सगळं तुमच्यासारखंच केलं. पाट्याचा दगड, विहिरीवरचे दोन, मधे घोंगडी टांगलेली. धोतर धरायला एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला संदीप. आबा आता बसूनच असतात, त्यांनी खाटेवरून हुकूम सोडले. आणि मी ते भोकाचं कापड लावलं, कारण तुम्हीच शिकवलेलं. तार दाबायच्या आधी कॅमेऱ्याला स्वस्थ होऊ दिलं. मला स्वस्थ व्हायला जास्त वेळ लागला.

फोटो धुऊन आला. वन्सं, कसा आला म्हणून सांगू! घोड्याच्या लगामाची कडी न् कडी दिसत होती. मी नाचायचीच राहिले. आणि मग बघते तर भगत नाही.

मला वाटलं, गेला! माझ्या हातून देवाचा भगत पुसला गेला! पळत घरी आले आणि आमच्या देव्हाऱ्यातला टाक बघितला. तिथं तो आहे. तुमचं भिंग घेतलं आणि जवळ धरलं. एवढी वर्षं हळदीत बुडालेला भगत मी पहिल्यांदा नीट बघितला. त्याच्या अंगावर पदर होता. आणि त्या काठ्या त्याच्या हातात नव्हत्याच. त्या खाली भुईवर रोवलेल्या होत्या, एक पुढं आणि दोन मागं, वर एक डबी, आणि मधे काहीतरी गुंडाळी लोंबत होती.

मी भिंग हातात धरून देव्हाऱ्यापुढंच बसले. हसू येतंय की रडू तेच कळेना. ह्यांना वाटलं मला घेरी आली. तुमच्या खोक्यातली जुनी निगेटिव्ह काढून उजेडाला धरली. होय, तुम्हीच. घासून लख्ख केलेल्या चांदीत, पांढऱ्या धोतराच्या पुढं वाकलेल्या तुम्ही, स्टँडसकट, घोंगडीसकट. सोनारानं बिचाऱ्यानं जसं दिसलं तसं ठोकलं. इतकी वर्षं मी तुम्हालाच हळद-भंडारा वाहत होते आणि तुम्ही दुपारी येऊन माझ्या हातचा चहा पीत होतात!

ह्यांनी सगळं ऐकलं आणि पहिलं वाक्य बोलले, झाकली मूठ सव्वा लाखाची, आबांना सांगू नकोस. भीती खोटी नव्हती. माणसाची आकृती देवाच्या टाकावर, तीही माहेरी परतलेल्या लेकीची. आबा म्हणाले असते, मोडीत काढा तो टाक, नदीत सोडा. तुम्हाला मिळालेली जागा मीच तोंडानं घालवायची? पण नव्या घराचे टाक करायला दोनातला एक फोटो द्यावा लागणार होता, तुमच्यासकटचा की तुमच्याशिवायचा. लपवून तुम्हाला चोरासारखं देव्हाऱ्यात ठेवणं मला पटेना. आणि तीळ तर भिजत नाहीच.

आबांना धरून धरून आमच्या घरी आणलं, देव्हाऱ्यापुढं पाटावर बसवलं आणि भिंग हातात दिलं. मी फक्त एवढंच म्हटलं की भगताकडं बघा. आबांनी बघितलं. मग भिंग पुसलं आणि पुन्हा बघितलं. माझ्या छातीत धडधड अशी की तांब्या ठेवला असता तर पाणी सांडलं असतं.

"रोज हळद लावतीस हिला?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, रोज.

आबा म्हणाले, "पहिला फोटो हलला तवा मीच म्हनलं व्हतं, देवाचा नकार हाय. आन् ही बघ. इतक्या वेळ डोळा उघडा व्हता, पर शांता जरा बी हललेली न्हाई."

त्यांनी अंगठ्यानं भंडारा घेतला आणि तुम्हाला लावला. थोरल्या भावानं धाकट्या बहिणीला, देव्हाऱ्यात! मग संदीपला हाक मारली आणि सांगितलं, सोनाराला या टाकाचा फोटो द्यायचा, माझ्याकडच्यांचा नाही. सोनारानं विचारलं कोण आहे, तर भगत सांगायचं नाही. आत्या आहे म्हणून सांगायचं.

ते टाक आज माझ्यापुढं आहेत. यावेळी सोनारानं तुमचा पदरही नीट काढलाय.

आता एकच विचारते, खरं सांगा. त्या दिवशी भोकाचं कापड का नको म्हणालात? जन्मभर फोटोच्या बाहेर राहिलेली बाई, चांदीत सावली पडते हे मला शिकवणारी बाई, त्या दिवशीच विसरली? आणि निगेटिव्ह तुम्ही स्वतः धुतलीत, भिंगाखाली बघितलीत. तुम्हाला दिसलं नसेल? मला नाही वाटत. पण तुम्ही सांगणार नाही, आणि मला आता सांगायलाही नको. खोडी असेल तर असू दे. मला तर ती फार आवडली.

उद्या मी संदीपबरोबर सणसवाडीला चाललेय. त्याच्या पोरीला कॅमेऱ्याचं वेड आहे आणि ती माझ्यासारखीच चुळबुळी आहे. तिला मी स्टँड उभा करायला शिकवीन, आधी जाड पाय, मग घोंगडी, मग तार. पुढं तिच्या भावंडांची घरं होतील, पुन्हा देव मागितले जातील, आणि दर वेळी तुमच्यासकटच फोटो निघेल, एवढं मी बघेन. हा माझा शब्द. फक्त आता तुम्ही हलू नका, वन्सं, जिथं आहात तिथंच उभ्या राहा.

उद्या पहाटे निघायच्या आधी हळद लावायला येतेच.

तुमची भांडखोर भावजय,
हिरा